बूट झाडून

याकोबिनाचा ट्रक पिवळा,
चाकं माणसाच्या छातीपर्यंत, चढायला लोखंडी शिडी.
"चार तास," ती म्हणाली, "वाटेत संडास नाही,
काय ते आत्ताच उरका."
आम्ही अकरा जण हसलो.
दोघं गुपचूप उतरून गेले.

फ्लीलांडचं गाव संपलं, डांबर संपलं.
पाइनची झाडं आली, मग खुजी झाली,
वाऱ्याकडे पाठ करून बसलेली.
मग नुसतं हेल्म गवत,
टेकड्यांच्या माथ्यावर ओळीने लावलेलं.
"हे आमच्या शाळेतल्या पोरांनी लावलंय," याकोबिना म्हणाली.
"मीही लावलं होतं, सातवीत.
माझी ओळ आता समुद्रात आहे."
गिअर बदलल्यासारखं बोलली ती हे,
आणि खरंच गिअर बदलला.

मग ते पठार.
इतकी वाळू, इतकी सपाट
की नजर टेकवायला काही सापडेना,
शेवटी ती आपल्याच बुटांवर येऊन बसली.
याकोबिनाने इंजिन बंद केलं.
"ऐका."

आधी काहीच नाही.
मग घोट्याच्या उंचीवर एक सळसळ,
तांदूळ निवडताना सुपात होते तशी.
वाळू चालली होती.
पांढरट, पातळ, जमिनीला धरून
पश्चिमेकडून पूर्वेला
सगळी एकदम, कुणी हाकल्यासारखी.
"बेट असंच सरकतं," ती म्हणाली.
"माझ्याकडचा नकाशा मागच्या वर्षीचा आहे.
टाकून द्यायचा राहिलाय."

मी माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये तिला सांगितलं,
आमच्या भाषेत माणूस हबकला की म्हणतात
त्याच्या पायाखालची वाळू सरकली.
ती जरा थांबली. मग इतकी हसली
की चष्मा काढून पुसावा लागला.
"मग आम्ही इथे
रोज सकाळी किती वेळा हबकायचं?"

पुढे सील दिसले, लांबवर,
ओल्या वाळूवर कुणी पोती टाकून गेल्यासारखे.
एकाने मान वर केली,
आम्हांला पाहिलं, आणि कंटाळला.
"त्यांच्या मागे," याकोबिनाने हात लांब केला,
"तिथे दुसरं गाव होतं. पश्चिमेचं.
घरं, देऊळ, भांडणं, सगळं.
समुद्राने थोडं थोडं करून नेलं.
लोक घराच्या विटा काढून घेऊन इकडे आले."
आम्ही त्या दिशेला पाहिलं.
पाणी होतं. त्यावर ऊन होतं.
सीबं नावाचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला,
"मग भांडणं पण इकडे आणली का?"
"ती आधी आणली," याकोबिना म्हणाली.

भरतीची वेळ. वाळूचा एक पट्टा उरला होता,
त्यावर शिंपलेफोडे पक्षी दाटीने उभे,
काळे-पांढरे, लाल चोचींचे,
शेकड्यांनी, एकेका पायावर.
दुसरा पाय पोटाशी घेतलेला.
कुणी हलेना. अधूनमधून एखादा
पाय न बदलता, तसाच लंगडत दोन पावलं सरके,
शेजाऱ्याला टोचे, पुन्हा गप्प.
एका बाईंनी हळूच विचारलं, का असे?
याकोबिना म्हणाली,
"थंडी. आणि त्यांना दुसरीकडे जायचंच नसतं."

परतताना कुणी फारसं बोललं नाही.
दातांखाली कचकच,
कानांत, भुवयांत, पाव उघडला तर पावात.
सीबंने एक बाटली भरून घेतली होती,
ती तो मांडीवर पालथी-सुलटी करत होता.

धक्क्यावर बोट लागली होती.
याकोबिना शिडीच्या तोंडाशी उभी राहिली,
कमरेवर हात.
"बूट," ती म्हणाली.
"झाडून जा. इथली वाळू इथेच राहू दे.
आधीच आम्हांला पुरत नाही."

थट्टा होती का, कळेना.
पण आम्ही अकरा जण
धक्क्यावर दाटीने उभे राहिलो,
एकेका पायावर,
दुसरा पाय हातात,
कुणी डुगडुगत, कुणी शेजाऱ्याचा खांदा धरून.
सीबंने बाटलीकडे पाहिलं,
याकोबिनाकडे पाहिलं.
ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.
बोटीने भोंगा दिला.